मागून येणारा आवाज

१३ एप्रिल १९९७ ची एक मॅच आहे, एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या नॉकआउट स्पर्धेची सेमीफायनल, चेस्टरफिल्ड विरुद्ध मिडल्सब्रो. तिचा व्हिडिओ मी वर्षातून एकदा तरी लावतोच. तेव्हा मी कोल्हापुरात अकरावीला होतो आणि अशी काही मॅच जगात झाली हे मला पुढं कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. ओल्ड ट्रॅफर्डचं मैदान, एका बाजूला प्रीमियर लीगमधली, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधली मिडल्सब्रो, त्यांच्याकडं ज्युनिन्यो आणि रावानेल्ली, आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या डिव्हिजनमधलं चेस्टरफिल्ड, डर्बीशायरमधलं कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातलं गाव, चर्चच्या वाकड्या मनोऱ्यासाठी लोकांना माहीत असलेलं. तिसऱ्या डिव्हिजनमधला क्लब त्याआधी कधीच एफए कपच्या फायनलला गेला नव्हता.

सेकंड हाफमधे चेस्टरफिल्डनं एक गोल मारला आणि मग त्यांना पेनल्टी मिळाली. घ्यायला आला त्यांचा कॅप्टन, स्टॉपर म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहणारा डिफेंडर, लालसर केसांचा, पंचवीस वर्षांचा गडी. शॉन डाइश. मारली, गोल, २-०. एवढ्या मोठ्या मैदानात खालच्या लीगमधला एक स्टॉपर पेनल्टी मारतोय हे बघताना मला अजून पोटात काहीतरी होतं, रिझल्ट पाठ असून होतं. पुढं रावानेल्लीनं एक फेडला, आणि २-१ असताना जोनाथन हॉवर्डचा शॉट बारला लागून खाली लाइनच्या आत पडला, सगळ्या जगाला दिसतंय आत पडला, पण रेफरीनं गोल दिला नाही. तो गोल धरला असता तर ३-१ झालं असतं. धरला नाही, मिडल्सब्रोनं पेनल्टीवर बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममधे पुढं गेले, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला जेमी ह्युइटनं हेडर मारून ३-३ केलं. रिप्ले झाली, म्हणजे मॅच परत खेळवली, त्यात चेस्टरफिल्ड ३-० हरलं. संपलं. बॉल लाइनच्या आत गेला का नाही हे मशीननं सांगायची सोय प्रीमियर लीगमधे २०१३ ला आली.

मी ही मॅच त्या न दिलेल्या गोलसाठी बघत नाही. मी डाइशकडं बघतो. बॉल जवळ नसताना तो काय करतो ते बघतो. सतत बोलत असतो. हात दाखवतो, एकाला पुढं ढकलतो, दुसऱ्याला आत ओढतो, क्लिअर झालेल्या बॉलमागं डिफेंडरांच्या सगळ्या लाइनला घेऊन वर चढतो. व्हिडिओत त्याचा आवाज येत नाही, स्टेडियमच्या गलक्यात कुणाचाच येत नाही, पण तोंड चालूच असतं. त्याचा आवाज ज्यांनी पुढं मॅनेजर म्हणून मुलाखतीत ऐकलाय त्यांना माहीतच आहे, घोगरा, खरखरीत, जात्यात खडे घालून दळल्यासारखा. कारण काही का असेना, मला तो आवाज स्टॉपरचाच वाटतो.

मी स्वतः अकरा वर्षं स्टॉपर खेळलो. कोल्हापूरचं फुटबॉल ज्यांना माहीत नाही त्यांना थोडं सांगतो. आमच्याकडं टीम तालमींच्या असतात. कुस्तीच्या तालमी, त्यांचीच मंडळं, त्यांचेच फुटबॉल संघ, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, आणि मोठी मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, पेठच्या पेठ येऊन बसलेली असते. मी त्या मोठ्या टीममधे कधी नव्हतो. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, खालच्या डिव्हिजनमधली आमची टीम, मॅच भर दुपारच्या उन्हात, बघायला घरचे आणि चार दोस्त. तरी आमच्यासाठी ती वर्ल्ड कपच होती, ह्यात मी काही वाढवून सांगत नाही.

आमचे कोच होते आबा. गिरणीत की वर्कशॉपमधे कुठंतरी नोकरी केलेले, रिटायर, स्वतः जुने हाफ. मी उंच म्हणून मला मागं टाकलं. पण मी गप्प खेळायचो. टॅकल बरा, हेडर बरा, पण तोंडातून शब्द नाही. पहिल्या सीझनला एका मॅचमधे माझ्या डोळ्यासमोर त्यांचा फॉरवर्ड आमच्या विंग बॅकच्या मागून पळत आत आला, मला दिसला, पूर्ण दिसला, मी त्याच्याकडं पळालो पण पोचलो नाही आणि गोल झाला. मॅच संपल्यावर आबा मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "तुला दिसला हुता न्हवं? मग वरडला का न्हाईस? डोळं तुझं आणि पाय त्येंचं. मग सांगायचं कुणी?"

डोळं तुझं आणि पाय त्येंचं. आख्ख्या टीममधे गोलकीपर सोडला तर सगळं मैदान तोंडासमोर असणारा माणूस म्हणजे स्टॉपर. फॉरवर्डची पाठ असते गोलकडं, हाफ मधल्या गर्दीत अडकलेला, विंगवाल्याच्या एका बाजूला नुसती लाइन. स्टॉपरला मात्र सगळं दिसतं, कोण दमलाय, कोण घाबरलाय, कुणाच्या मागं जागा पडलीये. आणि दिसलेलं त्यानं सांगायचं असतं, तेही दोन सेकंदाच्या आत, एका शब्दात. "मागं माणूस." "चढ." "थांब." "सोडू नको." "बाहेर काढ." ह्या पलीकडं शब्दच नाहीत. पण ते वेळेवर आले की दहा माणसं एका माणसासारखी हलतात.

मला वाटतं खालच्या लीगमधले इतके डिफेंडर पुढं चांगले मॅनेजर होतात त्याचं कारण हेच असावं. ते तेच काम करत राहतात, फक्त लाइनच्या पाच फूट बाहेर उभं राहून. एडी हाऊ घ्या, बोर्नमथचा स्टॉपर, गुडघ्यानं दगा दिला म्हणून तिशी यायच्या आधीच खेळ थांबला, आणि मॅनेजर झाला तेव्हा क्लब चौथ्या डिव्हिजनमधे वजा १७ पॉइंटवर सीझन सुरू केलेला, तो वाचवला आणि २०१५ ला प्रीमियर लीगमधे नेला. क्रिस वाइल्डर राइट बॅक, आल्फ्रेटन टाउन नावाच्या छोट्या क्लबपासून सुरू करून शेफिल्ड युनायटेडला दोन डिव्हिजन वर घेऊन गेला. हे लोक कुणाच्या पोस्टरवर नव्हते. पण मैदान त्यांनी वर्षानुवर्षं तोंडासमोर बघितलं होतं.

तर डाइश. जन्म १९७१, गाव केटरिंग. नॉटिंगहॅम फॉरेस्टमधे पोरगा म्हणून दाखल झाला, तेही ब्रायन क्लफच्या काळात, म्हणजे ज्या माणसानं त्या क्लबला १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप मिळवून दिले त्याच्या हाताखाली. तिथं एकही सीनियर मॅच मिळाली नाही. एकही नाही. १९९० ला अठराव्या वर्षी चेस्टरफिल्डला गेला आणि सात वर्षं राहिला. आणि गंमत बघा, नाही, गंमत हा शब्द बरोबर नाही, योग बघा, १९९७ च्या त्याच कप रनमधे पाचव्या राउंडला चेस्टरफिल्डनं कुणाला हरवलं असेल तर नॉटिंगहॅम फॉरेस्टला, १-०, आपल्या सॉल्टरगेटच्या जुन्या मैदानावर. ज्या क्लबनं एक मॅच दिली नाही त्याला घरी बोलावून हरवलं. त्यावर तो नंतर काय बोलला माहीत करून घ्यायची मला गरज वाटत नाही, मॅच संपल्यावर काय वाटलं असेल ते कुठल्याही गल्लीतल्या खेळाडूला कळेल.

पुढचं करिअर मी भराभर सांगतो, कारण ते तसंच भराभर झालं. ब्रिस्टल सिटी, तिथं दोन वर्षांत जेमतेम १७ लीग मॅच, मधे लूटनला लोन, मग मिलवॉल, मग वॉटफर्ड, मग नॉर्थॅम्प्टन. सगळ्या मिळून साडेचारशेच्या वर लीग मॅच आणि त्यातली एकही टॉप डिव्हिजनमधली नाही. २००७ ला थांबला. पण एक गोष्ट बघायसारखी आहे, चेस्टरफिल्ड, ब्रिस्टल सिटी, मिलवॉल, नॉर्थॅम्प्टन, ह्या चारही क्लबना तो असताना प्रमोशन मिळालं, म्हणजे वरच्या डिव्हिजनमधे जागा. एकदा झालं तर नशीब म्हणू. चार वेळा झालं की त्या ड्रेसिंग रूममधे हा माणूस काय करत होता असा प्रश्न पडतोच.

खेळणं थांबल्यावर तो वॉटफर्डला अंडर एटीन पोरांचा कोच झाला. हा भाग मला फार जवळचा. साडेचारशे मॅच खेळलेला माणूस सतरा वर्षांच्या पोरांना सकाळी लाइन धरायला शिकवतोय. मग असिस्टंट, मग २०११ च्या जूनमधे मॅनेजर, पहिल्याच सीझनला टीम अकरावी आली, क्लबची चार वर्षांतली सगळ्यात चांगली जागा. आणि २०१२ च्या जुलैमधे काढलं. मालक बदलले, नव्या मालकांना त्यांचा माणूस हवा होता. काम चांगलं केलं म्हणून नोकरी राहते असं फुटबॉलमधे नसतं, आणि मला वाटतं हे त्याला खेळाडू असल्यापासून माहीत होतं, खालच्या लीगमधला माणूस दर दोन वर्षांनी बॅग भरतच असतो.

ऑक्टोबर २०१२ मधे बर्नली. मधे तिथं मॅनेजर असलेला एडी हाऊ परत बोर्नमथला गेला आणि त्याच्या खुर्चीत डाइश बसला, एका स्टॉपरच्या जागी दुसरा.

बर्नलीबद्दल मला थोडं थांबून लिहायचंय. लँकशायरमधलं गाव, वस्ती पाऊण लाखाच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडचा एक तालुका. पण विसाव्या शतकाच्या सुरवातीला ह्या गावात लाखाच्या घरात माग होते. आख्खं गाव मागांच्या खडखडाटात. इचलकरंजीत राहिलेल्या माणसाला हे चित्र उभं करायला काही त्रास पडणार नाही, माझं आजोळ तिथलंच, रात्री झोपताना तो आवाज भिंतीतून यायचा आणि वीज गेली की शांततेनं जाग यायची. आणि संबंध नुसता दिसण्यातला नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ सिव्हिल वॉर झालं तेव्हा तिकडचा कापूस बंद पडला, लँकशायरच्या गिरण्या बसल्या, कामगार उपाशी मरायला लागले आणि इकडं मुंबईतून कापसाच्या गाठी भरून जायला लागल्या, वऱ्हाड खानदेशातला कापूस. मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपल्यावर ओसरला. लँकशायरच्या विणकरांना आपला आखूड धाग्याचा कापूस आवडायचा नाही, सारखा तुटायचा. पण कुणाच्या तरी अंगावर तो गेलाच असणार.

फुटबॉलही त्याच गिरण्यांतून आलं. १८५० च्या कायद्यानं शनिवारी दुपारी दोनला गिरण्या बंद व्हायला लागल्या आणि तीनला मॅच सुरू व्हायला लागल्या. आजही इंग्लंडात शनिवारच्या मॅचची ठरलेली वेळ तीनचीच, म्हणूनच आपल्याकडं उन्हाळ्यात साडेसातला आणि थंडीत साडेआठला. मी शनिवारी जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो ती वेळ गिरणीच्या भोंग्यानं ठरवलेली आहे हे मला कळलं तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं होतं. १८८८ ला फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारा क्लब होते, त्यातले सहा लँकशायरचे, आणि त्यात बर्नली, शेजारचं ब्लॅकबर्न आणि एव्हर्टन तिन्ही. बर्नली दोनदा लीग जिंकलंय, १९२१ ला आणि १९६० ला. आणि १९८७ ला हाच क्लब लीगमधूनच बाहेर पडायच्या बेतात होता, चौथ्या डिव्हिजनच्या शेवटच्या दिवशी ओरिएंटला २-१ हरवून कसाबसा राहिला. गिरण्या बंद पडलेल्या गावाला क्लब म्हणजे काय असतं हे परळ लालबागच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

अशा गावात डाइश आला. २०१३ च्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त गोल मारणारा चार्ली ऑस्टिन विकला गेला, हातात पैसे नाहीत, सीझनच्या सुरवातीला लोक म्हणत होते हे रिलेगेट होतात, खालच्या डिव्हिजनमधे जातात. पूर्ण सीझनमधे पैसे मोजून एकच खेळाडू घेतला, अ‍ॅशली बार्न्स, तोही जानेवारीत. आणि ह्याच टीमनं ९३ पॉइंट करून दुसरा नंबर काढला आणि प्रीमियर लीगमधे गेली. डॅनी इंग्ज आणि सॅम व्होक्स ह्या दोघांनीच लीगमधे ४१ गोल मारले. त्या वर्षी मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मोबाइलवर चॅम्पियनशिपचं, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या डिव्हिजनचं टेबल बघायचो, कारण मॅच काही आपल्याकडं दिसायच्या नाहीत.

आणि ह्याच सीझनमधे ९ मार्च २०१४. ब्लॅकबर्नच्या इवुड पार्कवर डर्बी, म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांतली मॅच. आता ब्लॅकबर्न म्हणजे पुण्याच्या वेंकीजचा क्लब, २०१० च्या नोव्हेंबरमधे त्यांनी घेतला, आपल्या कोंबड्यांच्या वेंकीजनी, तेव्हा मराठी पेपरांत पण बातमी होती. माझा एक पुण्याचा मित्र त्या दिवसापासून ब्लॅकबर्नवाला झाला, मनापासून झाला, क्लब २०१२ ला खाली आला तरी सोडलं नाही त्यानं, त्याबद्दल मला त्याचा आदर आहे. दोन्ही गावांत अंतर पंधरावीस किलोमीटर आणि वैर शंभर वर्षांचं वर. बर्नली १९७९ नंतर ब्लॅकबर्नला एकदाही हरवू शकलं नव्हतं. पस्तीस वर्षं. म्हणजे बर्नलीत जन्मलेला पोरगा मोठा होऊन बाप झाला तरी त्यानं ही गोष्ट बघितली नव्हती. त्या दिवशी ब्लॅकबर्ननं आधी गोल मारला, जॉर्डन ऱ्होड्स. मग जेसन शॅकेलनं बरोबरी केली, हा बर्नलीचा कॅप्टन आणि स्टॉपर, आणि मग इंग्जनं दुसरा. २-१. मी आणि माझा मित्र फोनवर होतो, दोघंही स्कोअर रिफ्रेश करत, आणि शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे रे, पस्तीस वर्षं खूप झाली." मोठ्या मनाचा माणूस.

प्रीमियर लीगमधून पुढच्याच वर्षी बर्नली खाली आलं. आणि क्लबनं मॅनेजर काढला नाही. ही बातमी म्हणून छोटी वाटते पण मला ती सगळ्यात मोठी वाटते. त्याला ठेवला, आणि मिळालेल्या पैशातून ट्रेनिंग ग्राउंड नीट बांधायचं ठरलं, गॉथॉर्पला. २०१६ ला परत ९३ पॉइंट, ह्यावेळी पहिला नंबर, त्यात २३ मॅच सलग न हरता. परत वर.

आता त्याच्या डिफेन्सबद्दल, कारण लोक त्याला नुसतं "मागं बस आणि लांब मार" म्हणून सोडून देतात आणि ते मला लागतं. ४-४-२, चौघांच्या दोन ओळी. स्टॉपर दोघं, बेन मी आणि जेम्स टारकोव्स्की, बॉलमागं धावत बाहेर जायचे नाहीत, आपल्या बॉक्सच्या रुंदीत उभे राहायचे. विंगवाले आत यायचे. मग समोरच्याला जागा कुठं उरली, तर लांब बाजूला. तिथून तो क्रॉस टाकणार आणि क्रॉस ह्यांच्या डोक्यावर येणार. शॉट मारू द्यायचे, पण मारणाऱ्या आणि गोलच्या मधे पाय, मांडी, छाती, काहीतरी असणारच अशा बेतानं. कॉम्प्युटरवर हिशोब करणारे लोक सांगायचे की एवढे शॉट घेऊन ह्यांच्यावर जास्त गोल व्हायला पाहिजेत, आणि व्हायचे नाहीत. माझ्यासारख्या स्टॉपरला ह्यात काही कोडं वाटलं नाही. शॉट मोजता येतो, तो मारायच्या आधी मागून "आत ये, आत ये" म्हणून कोण ओरडलं ते मोजता येत नाही.

२०१७-१८ चा सीझन माझा सगळ्यात लाडका. पहिल्याच दिवशी चॅम्पियन चेल्सीला त्यांच्याच मैदानावर ३-२ हरवलं. सप्टेंबरमधे गोलकीपर टॉम हीटनचा खांदा निखळला आणि आत आला निक पोप, ज्याला सोळाव्या वर्षी इप्सविचनं सोडून दिलं होतं आणि जो बरी टाउन नावाच्या नॉन लीग क्लबकडून खेळून वर आला होता. टारकोव्स्की ओल्डहॅमवरून सुरवात केलेला. बेन मी मँचेस्टर सिटीच्या पोरांमधला, तिथं वर जागा न मिळालेला. सगळे कुठूनतरी परत पाठवलेले. ३८ मॅचमधे मारलेले गोल ३६, खाल्लेले ३९, म्हणजे मारल्यापेक्षा खाल्ले जास्त, आणि तरी ५४ पॉइंट, सातवा नंबर आणि ५१ वर्षांनी युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत जागा. गावातल्या एका पबचं नाव बदलून "रॉयल डाइश" केलं. युरोपमधे अ‍ॅबर्डीनला हरवलं, इस्तंबूलच्या टीमला हरवलं आणि ऑलिंपियाकोसपुढं संपलं, ऑगस्टमधेच. पण गेले तर.

त्याच्या ट्रेनिंगबद्दल तीन शब्द नेहमी सांगितले जातात, पाय, काळीज, डोकं, ह्याच क्रमानं. आणि दुसरं म्हणजे कमीत कमी अपेक्षा काय तर जास्तीत जास्त मेहनत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं हे आबांचंच आहे. आबा पण पहिल्या दिवशी नुसतं पळवायचे, बॉल दाखवायचेच नाहीत, आणि पळताना कोण मागच्याला हाक मारतोय ते बघत उभे राहायचे. टीम ते तिथंच निवडायचे.

शेवट चांगला झाला नाही, हेही लिहिलं पाहिजे. टीम म्हातारी होत गेली, नवीन माणसं पुरेशी आली नाहीत, गोल आटले. २०२१-२२ ला ३० मॅचमधे चारच विजय, आणि १५ एप्रिल २०२२ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, आठ मॅच शिल्लक असताना त्याला काढलं. साडेनऊ वर्षं. तेव्हा प्रीमियर लीगमधे त्याच्याइतका जुना मॅनेजर दुसरा नव्हता. माझं प्रामाणिक मत सांगतो, त्या शेवटच्या दीड वर्षात त्याच्याकडं पण नवीन उत्तर नव्हतं, मी मॅच बघायचो आणि मला दिसायचं की लाइन तीच आहे पण आवाजावर हलणारे पाय दमलेत. तरी काढायची बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

पुढं जानेवारी २०२३ मधे एव्हर्टन, अगदी बुडायला आलेलं. पहिली मॅच टेबलात वर असलेल्या आर्सेनलशी आणि १-० जिंकली, गोल कुणाचा, तर टारकोव्स्कीचा, हेडर, तो त्याच्या आधीच बर्नली सोडून तिथं पोचला होता. शेवटच्या दिवशी बोर्नमथला १-० हरवून वाचले. पुढच्या सीझनला पैशाच्या नियमावरून १० पॉइंट कापले, अपीलमधे ते सहा झाले, नंतर आणखी दोन कापले, एकूण आठ, आणि तरी ४० पॉइंट करून पंधरावे. मधेच लिव्हरपूलला गुडिसन पार्कवर २-० हरवलं, तिथला २०१० नंतरचा पहिला डर्बी विजय. आणि जानेवारी २०२५ मधे कपची मॅच सुरू व्हायला काही तास असताना त्याला काढलं.

ऑक्टोबर २०२५ ला तो नॉटिंगहॅम फॉरेस्टचा मॅनेजर झाला. पस्तीस वर्षांनी. ज्या क्लबनं अठरा वर्षांच्या पोराला एक मॅच दिली नव्हती. पहिली मॅच युरोपातली, पोर्टोशी, २-० जिंकली, आणि कॅमेरा त्याच्यावर गेला तेव्हा तो हाताची मूठ तोंडाशी धरून लेफ्ट बॅकला काहीतरी सांगत होता. मी टीव्हीचा आवाज वाढवला. अर्थातच काही ऐकू आलं नाही.

आबा २०१९ ला गेले. मी आता शनिवार रविवार सकाळी साडेसहाला बारा ते चौदा वर्षांच्या पोरांना घेतो, वीस बावीस पोरं असतात, पावसाळ्यात दहा. त्यात एक आहे, उंच, शांत, वेळ बरोबर ओळखतो, टॅकल स्वच्छ. स्टॉपरच. पण गेले चार महिने तोंडातून शब्द नाही. मी सांगून बघितलं, आबांच्या भाषेत पण सांगितलं, मान हलवायचा आणि परत गप्प. मला वाटलं लाजतो. मग त्याच्या आईकडून कळलं, त्याचा आवाज फुटतोय. मधेच जाड, मधेच चिरका, वर्गात वाचताना पोरं हसली होती, तेव्हापासून शाळेत पण बोलत नाही.

माझ्या लक्षातच आलं नव्हतं हे. चार महिने मी त्याच्यावर ओरडत होतो.

मागच्या रविवारी प्रॅक्टिसनंतर त्याला थांबवलं आणि फोनवर डाइशची एक मुलाखत लावली. इंग्लिश त्याला फारसं कळत नाही, मीही अर्थ सांगितला नाही, नुसतं ऐकवलं. तीन मिनिटं त्यानं कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "सर, ह्यांचा आवाज कायम असाच आहे?" मी म्हटलं, मी ऐकतोय तेव्हापासून तरी असाच. "आणि ह्यांचं ऐकतात सगळे?" म्हटलं, दहा वर्षं आख्खं गाव ऐकत होतं. काही बोलला नाही. सायकल काढली आणि गेला.

काल मॅच लावली होती, आपसातलीच, सात सात. मी लांबच्या कोपऱ्यात कोन गोळा करत होतो, पाठ होती मैदानाकडं. आणि मागून आवाज आला, मधेच फाटलेला, अर्धा पोराचा अर्धा माणसाचा, "मागं माणूस! ओम्या, मागं माणूस!" मी वळलो तोवर ओम्या वळला होता.